घुबडामागची नावं

मी एक पाटी बोलतेय. हो, तीच. तुमच्या डाव्या हाताला, संग्रहालयाच्या भिंतीवर चार स्क्रूंनी जखडलेली, घुबडाचं चित्र असलेली. आत्ता आलात, माझ्याकडे बघून "अय्या, घुबड!" म्हणालात आणि पुढे निघालात. जरा थांबा. शंभरावर वर्षं गप्प बसले. आज माझं डोकं फिरलंय, आणि का फिरलंय ते ऐकूनच जा.

माझा जन्म १९१० सालचा, अमेरिकेतल्या फोर्ट ली गावातला. हडसन नदी फेरीबोटीनं ओलांडून ट्रामनं कड्यावर आलं की काचेच्या छपरांचे सिनेमाचे स्टुडिओ लागायचे. त्यातल्या एकाचे मालक ऑगस्टस क्रेल. त्यांच्याकडे गस नावाचा जर्मन सुतार होता. पियानो ज्या खोक्यातून आला, त्याचं झाकण त्यानं कापलं, रंधा मारला आणि मला घडवलं. त्या काळच्या फिल्मवर निळा रंग पांढरा दिसायचा, म्हणून मला आकाशी रंग दिला आणि त्यावर काळं घुबड काढलं. घुबडाला अंधारात दिसतं आणि सिनेमाही अंधारातच बघतात, एवढाच त्यामागे क्रेलसाहेबांचा विचार होता. त्यावर ते स्वतःच फार खूश होते.

माझं काम म्हणजे चोर पकडणं. कुणाचा सिनेमा चालला की दुसरा कुणीतरी त्याची प्रत काढायचा, सुरुवातीचं नाव कापायचा, स्वतःचं चिकटवायचा आणि चार गावं पलीकडे जाऊन खुशाल दाखवायचा. म्हणून प्रत्येक कंपनी आपली खूण दृश्यातच टांगायची. नाव कापता येतं, भिंत कशी कापणार? मग काय, जिथे तिथे मी. श्रीमंताच्या दिवाणखान्यात मी. चर्चमध्ये नवरानवरीच्या डोक्यावर मी. रानात वाट चुकलेली बाई ज्या झाडाखाली रडते, त्या झाडावर खिळा ठोकून मी. एकदा तर वाळवंटात एका मेलेल्या घोड्याला टेकवून ठेवलं होतं मला. घोडा अर्थातच जिवंत होता, त्याला माझा कोपरा टोचला आणि तो उठून चालायला लागला.

हसा. मीही हसले होते. पण पडद्यावर नाव म्हणून जे काही होतं ते एवढंच, हे लक्षात घ्या. गोष्ट कुणी लिहिली, कॅमेऱ्याचा दांडा कुणी फिरवला, बर्फात अनवाणी कोण धावलं, यातलं एकही नाव लोकांना दिसायचं नाही. "नाव झालं की माणूस डोक्यावर बसतो," असं क्रेलसाहेब म्हणायचे. आमच्याकडे लोटी नावाची नटी होती. तिला गावोगावहून पत्रं यायची, वर पत्ता लिहिलेला: 'घुबडवाली मुलगी, फोर्ट ली'. दुपारी हॅम आणि अंडी खाता खाता ती एक पत्र मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"आईनं बाप्तिस्मा करून माझं नाव ठेवलं," ती म्हणाली, "ते काय घुबड म्हणून?"

आणि पत्राची घडी करून तिनं ती बशीखाली सरकवली.

आता डेलियाचं सांगते. माझा सगळा संताप तिच्यापायी आहे.

डेलिया कॉनरॉय आमच्याकडे टाइप करायला आली होती. दुसऱ्यांच्या गोष्टी टाइप करता करता त्या किती फुसक्या आहेत हे तिला कळलं, आणि ती स्वतः लिहायला लागली. मग एक दिग्दर्शक दारू पिऊन सेटवर आडवा झाला, तेव्हा तिनं त्याचा कर्णा उचलला आणि राहिलेला सिनेमा पुरा केला. तेव्हापासून तेही काम तिच्याकडेच आलं. शिवाय फिल्म जोडायची तीच. गळ्यात काळ्या फितीला कात्री अडकवलेली असायची. खिडकीपाशी उभी राहून फिल्मची पट्टी उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि कच्चकन कापायची. क्रेलसाहेब पाहुण्यांना तिची ओळख "आमची टायपिस्ट" अशीच करून द्यायचे. पाच वर्षं करून दिली.

प्रत्येक सिनेमा संपला की ती गसच्या कानावरची लाल पेन्सिल काढून घ्यायची, मला भिंतीवरून उतरवायची आणि माझ्या पाठीवर लिहायची. आधी सिनेमाचं नाव. मग गोष्ट कुणाची, कॅमेरा कुणाचा, कामं कुणाची, फळ्या कुणी ठोकल्या.

"कोण वाचणार आहे गं पोरी?" गस पहिल्यांदा म्हणाला होता.

"नको वाचू दे, गसकाका. लाकडाला तरी माहीत असू दे. आणि इथे बघा, तुमचंही लिहिलंय."

गसनं वाकून आपलं नाव वाचलं. त्यानंतर पेन्सिलीला टोक काढून ठेवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. एकेचाळीस सिनेमे झाले. पुढून मी क्रेलसाहेबांची होते, पाठीवर मात्र या सगळ्यांची.

बेचाळिसावा सिनेमा होता 'कोळशाची टोपली'. गोष्ट डेलियाच्या स्वतःच्या आईची. रेल्वेच्या रुळांवर सांडलेला कोळसा वेचून तिनं घर तापतं ठेवलं आणि एका जानेवारीत स्वतःच गारठून मेली. शेवटचं दृश्य असं, की आई खाटेवर मेलेली आहे, मुलीला ते कळलेलं नाही. ती टोपलीतला शेवटचा कोळसा शेगडीत घालते आणि आईचे हात हातात घेऊन चोळत बसते. बस्स, एवढंच.

ते दृश्य घ्यायच्या दुपारी क्रेलसाहेब सेटवर आले, खाटेकडे बघितलं आणि गसला म्हणाले, "घुबड उशाशी लाव. मधोमध."

"साहेब," डेलिया म्हणाली, "मेलेल्या बाईच्या डोक्यावर घुबड? लोक हसतील."

"हसू देत, पण चोरणार नाहीत."

"या एका दृश्यात नको. बाकी सगळीकडे आहेच की."

"डेलिया, तुला टाइप करायला ठेवलीय, विसरू नकोस," असं म्हणून साहेब जेवायला गेले.

गसनं मला उशाशी ठोकलं. डेलियानं आपल्या खांद्यावरची चौकटीची तपकिरी शाल काढली आणि माझ्यावर टांगली. ती शाल तिच्या आईची होती.

"साहेबांना कळलं तर?" गस पुटपुटला.

"कळू दे. माझी आई गेली तेव्हा भिंतीवर घुबड नव्हतं, गसकाका. शाल होती."

ते दृश्य मला दिसलं नाही. शालीखाली फक्त ऐकू आलं. कॅमेऱ्याचा दांडा सेकंदाला दोनदा फिरत होता आणि फिरवणारा रोज गुणगुणायचा ते गाणं त्या दिवशी गुणगुणत नव्हता. लोटी हात चोळत होती त्याचा आवाज येत होता. मग दांडा थांबला. एवढ्या सिनेमांत मी पहिल्यांदाच कुणाच्या आड आले नाही, म्हणून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सिनेमा तुफान चालला. साहजिकच चोरीला गेला. एका बनेल माणसानं त्याची प्रत काढून त्यावर स्वतःच्या कंपनीचं नाव लावलं. क्रेलसाहेब कोर्टात गेले आणि साक्षीला मला घेऊन गेले. मला टेबलावर ठेवलं, घुबड वर, पाठ खाली.

डेलियालाही बोलावलं होतं. क्रेलसाहेबांच्या वकिलानं विचारलं, "ही पाटी तुम्ही ओळखता?"

"ओळखते. पण सिनेमा या पाटीचा नाही. तो मी लिहिला, मी घेतला, मी कापला. पाटी उलटी करा, आधीचे एकेचाळीस कुणी केले ते मागे लिहिलंय."

"विचारलं तेवढंच सांगा."

"अहो, एकदा उलटी तर करा!"

कारकुनानं हात पुढे केलाही होता. त्याच्या बोटांचा दाब मला कडेला जाणवला. तेवढ्यात तोच वकील मध्ये पडला. म्हणाला, भांडण दोन कंपन्यांचं आहे, या बाई त्यात कुणीच नाहीत. न्यायाधीशांनी मान हलवली. कारकुनानं हात मागे घेतला. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी सगळं कोर्ट डोक्यावर घेतलं असतं! पण मी लाकूड. जिथे ठेवलं तिथे पडून राहिले, आणि माझी खोटी साक्ष झाली.

निकाल काय लागला? ज्या ज्या दृश्यात घुबड दिसतं, ती सगळी क्रेलसाहेबांची. शेवटच्या दृश्यात घुबड नाही, तेव्हा ते कुणाचं हे सिद्ध होत नाही. म्हणजे जे तिच्या काळजातून आलं होतं, तेच कुणाचं नाही असं ठरलं. चोराला ते दाखवायला मोकळीक मिळाली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर क्रेलसाहेबांनी तिला कामावरून काढलं. "तुझ्या शालीनं माझा घात केला," म्हणाले. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मी गसच्या काखेत होते. तिनं त्याच्या कानावरची पेन्सिल घेतली, मला तिथेच पायरीवर उलटं ठेवलं आणि राहून गेलेली बेचाळिसावी नोंद केली. मग फेरीबोटीकडे चालती झाली. पुढे ती पॅटरसन गावच्या रेशीमगिरणीत कापड कापायला लागली, असं गसनं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. तीच कात्री होती म्हणे.

मग सगळ्या कंपन्या कॅलिफोर्नियाला पळाल्या, उन्हासाठी. जाताना क्रेलसाहेबांनी जुन्या फिल्मा उकळायला दिल्या. त्यात चांदी असते ना, ती काढायला! बेचाळीस सिनेमे हंड्यात गेले आणि चांदीचा एक गोळा होऊन निघाले. मला गसनं घरी नेलं आणि तळघरात कोबी खारवायच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. पण ठेवताना घुबड कोबीकडे आणि नावं वर. माझा रंग विटलेला दिसतोय तो त्यामुळे. गस कोबी काढायला यायचा तेव्हा आधी एकेका नावावरून बोट फिरवायचा. त्या तळघरातली वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मानाची.

गस गेला, त्याची मुलंही गेली, घर विकलं गेलं. लिलावात या संग्रहालयाच्या माणसानं मला बघितलं आणि टाळ्याच पिटल्या. "अरे, घुबड!" त्याची मदतनीस म्हणाली, "मागे काहीतरी खरडलंय पेन्सिलीनं." "सुताराची मापं असतील," असं म्हणून या शहाण्यानं मला चार स्क्रू ठोकून इथे भिंतीला लावलं. चित्रपटांचा अभ्यास केलाय म्हणे त्यानं!

तेही मी सोसलं असतं. पण गेल्या वर्षी एका गोठ्याच्या माळ्यावर चोराच्या प्रतीचा तुकडा सापडला. आता माझ्या शेजारी, त्या छोट्या पडद्यावर, तो दिवसभर फिरत असतो. एक मुलगी मेलेल्या आईचे हात चोळतेय. लोक थबकतात, डोळे पुसतात आणि खालची पट्टी वाचतात: 'कर्ता अज्ञात'.

अज्ञात! माझ्यापासून चार हातांवर! परवा एका बाईनं विचारलंसुद्धा, "भिंतीवर ती शाल कशाला टांगलीय?" संग्रहालयाचा माणूस म्हणाला, "थंडी दाखवायला असेल." अरे माणसा, त्या शालीखाली मी आहे!

तुम्ही अजून उभे आहात, म्हणून सांगते. मला पुसू नका, रंगवू नका, माझ्याबरोबर फोटोही काढू नका. कुणाला तरी हाक मारा आणि स्क्रू काढायला लावा. चारच आहेत. माझ्या पाठीवर सगळ्यात खाली, लाल पेन्सिलीनं, पायरीवर टेकवून लिहिल्यामुळे जरा वाकडं आलेलं वाचा:

'कोळशाची टोपली. गोष्ट, दिग्दर्शन, कात्री: डेलिया कॉनरॉय. शेवटच्या दृश्यात घुबड आईच्या शालीखाली आहे.'