मध्यस्थीची यादी

आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी कुणाजवळ तरी मन मोकळे केलेले असते, आणि तीच गोष्ट चार दिवसांनी भलत्याच माणसाच्या तोंडून ऐकलेली असते. जाब विचारला की उत्तर ठरलेले: ‘अहो, काळजीपोटी बोललो!’ ही काळजी आपल्या घरांत, कचेऱ्यांत आणि जिन्यांत सुखाने नांदते. ज्या ख्रिस्ती मंडळीची ही हकिगत आहे, तिथे ती चर्चमध्ये नांदत होती आणि तिला प्रार्थना म्हणत.

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्या मंडळीत एकोणीस वर्षे होते. माणूस कष्टाळू. कुणी आजारी पडले की नातेवाइकांच्या आधी ते पोचत. रविवारच्या उपासनेत प्रवचनापूर्वी मध्यस्थीची प्रार्थना होई, म्हणजे मंडळीतल्या अडल्यानडल्यांसाठी देवाकडे विनवणी. इतर पाळक ती दोन वाक्यांत उरकतात: आजाऱ्यांना बरे कर, दुःखितांचे सांत्वन कर. आमच्या पाळकसाहेबांना असले घाऊक काम पसंत नव्हते. दाराशी एक पेटी ठेवलेली असे. लोक तिच्यात चिठ्ठ्या टाकत, शुक्रवारी ती उघडली जाई, शनिवारी यादी टाइप होई. कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन, कुणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कुणाची न सुटणारी दारू, सगळे नावानिशी. प्रवचनाला डुलक्या घेणारे लोक यादीला मात्र ताठ बसत. पाळकसाहेब याला आस्था समजत.

एका मंगळवारी सव्वाचार वाजता सिस्टर त्यांच्या कार्यालयात आल्या. त्या दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. त्यांचे पती शाळेचे हेडमास्तर, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक, रविवारी बायबलचे शास्त्रवाचन करणारे. आवाज भारदस्त. त्यांनी वाचले की साधी वंशावळही ऐकावीशी वाटे.

“पाळकसाहेब, मला चारित्र्याचा दाखला हवाय. वसतिगृहासाठी.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“हेडमास्तरांची बदली झाली की काय?”

“नाही. मी एकटी जातेय.” त्यांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली, हातावरचे काळेनिळे वळ दाखवले आणि बाही लगेच खाली ओढली. “दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं. वसतिगृहाला पाळकांचं पत्र लागतं.”

पाळकसाहेबांनी त्या बाहीकडे पाहिले. मग म्हणाले, “एकदा तुम्ही मला बोलल्या होतात खऱ्या.”

“सात वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, सहन करा, प्रार्थना करा, त्यांचं मन पालटेल. केलं की मी दोन्ही. त्यांचं नाही पालटलं. माझं पालटलं.”

पाळकसाहेबांनी पत्र तिथल्या तिथे लिहिले, शिक्का मारला आणि पाकिटात घालून दिले.

“त्यांना कळता कामा नये,” सिस्टर उठताना म्हणाल्या. “पंधरा दिवस फक्त.”

“निर्धास्त राहा. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.”

“करा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच केली. शनिवारी यादी तयार करताना त्यांना वाटले, शब्द दिला आहे, या बाईला वगळणे बरे नव्हे. त्यांनी बराच विचार केला. मारहाणीचा उल्लेख गाळला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नावही गाळले आणि ओळ लिहिली: ‘दवाखान्यात सेवा करणाऱ्या आपल्या भगिनीच्या नव्या कामासाठी व प्रवासासाठी.’ आपण किती जपून वागलो याचे त्यांना समाधान वाटले.

रविवारी त्यांनी ती ओळ वाचली. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, पाळकांचेही. त्यामुळे हेडमास्तर आणि सिस्टर बसले होते त्या पुढच्या बाकावर काय झाले ते त्यांना दिसले नाही.

उपासनेनंतर दाराशी मंडळीचे सचिव हेडमास्तरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होते.

“अभिनंदन, सर! वहिनी कुठं निघाल्या? आम्हांला पत्ता नाही लागू दिलात!”

“मलाच कुठं लागला होता!” हेडमास्तर हसले. मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, “छान प्रार्थना केलीत, पाळकसाहेब.”

सिस्टरांनी पाळकसाहेबांकडे एकदाच पाहिले. पाळकसाहेब एक पाऊल पुढे झाले. पण रांगेत मागे पंचवीस माणसे उभी होती आणि प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा होता.

शुक्रवारी पेटी उघडली. तिच्यात हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी निघाली: ‘माझी पत्नी रविवारी दुपारी घरात घसरून पडली. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले असून ऑपरेशन झाले आहे. तिला आराम पडावा म्हणून मंडळीने प्रार्थना करावी.’

चिठ्ठी घेऊन पाळकसाहेब घरी आले. पत्नी गेल्यापासून त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडे राहत होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली बाई, बोलणे तुटक. ती भाजी निवडत होती. तिने चिठ्ठी लांब धरून वाचली.

“घसरून पडली? कोण म्हणतं?”

“हेडमास्तर.”

“आणि तू काय म्हणतोस?”

पाळकसाहेबांनी सगळे सांगितले. ताईने पुढ्यातली भाजी बाजूला सारली.

“म्हणजे तू सांगितलंस त्याला.”

“ताई, मी नाव घेतलं नाही!”

“आपल्या मंडळीत दवाखान्यात काम करणाऱ्या बायका किती रे?”

“एकच.”

“मग?”

“मी देवाशी बोललो, ताई. माणसांशी नाही.”

“देवाशी बोलायला माईक कशाला लागतो? त्याला काय कमी ऐकू येतं?” ताईचा आवाज चढला. “एकतीस वर्षं मी कानाला यंत्र लावून बसले. कुणाची सोयरीक तुटणार, कुणाचं दुकान बसणार, गावाच्या आधी मला कळायचं. आई जेवताना खोदून खोदून विचारायची. मी म्हणायचे, आज लाइन खराब होती. आमच्या सुपरवायझरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथं ऐकलेलं इथंच ठेवून घरी जायचं. तू एवढं शास्त्र शिकलास, तुला हे कुणीच शिकवलं नाही?”

“लोकांना एकमेकांची दुःखं कळावीत म्हणून...”

“लोकांना दुःखं नाही कळत, बातम्या कळतात. त्या मोडलेल्या लग्नाच्या पोरीला तू यादीत घातलंस, ती परत चर्चमध्ये आली का? दारुड्याची बायको आली? तू यादी वाचतोस आणि ज्यांची नावं यादीत, तीच माणसं बाकावरून गळतात. मी मागून बघते ना!”

पाळकसाहेब खाली बसले. मग म्हणाले, “येत्या रविवारी व्यासपीठावरून कबुली देतो. सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“वा! म्हणजे परत तिचीच गोष्ट आणि परत तोच माईक! आणि लोक म्हणणार, काय मोठ्या मनाचे आमचे पाळकसाहेब! अरे, हात तिचा मोडला आणि कौतुक तुझं व्हायचं? आधी जा, तिला काय हवंय ते विचार. आणि ऐकून ये. बोलू नकोस.”

हे बोलणे त्यांना झोंबले, कारण कबुलीचे पहिले वाक्य त्यांच्या मनात तयारसुद्धा झाले होते!

शनिवारी सकाळी, हेडमास्तर शाळेत असतानाची वेळ साधून ते दवाखान्यात गेले. सिस्टर स्वतः काम करत त्याच वॉर्डात, खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

“तुमचं पत्र सापडलं त्यांना. माझ्यासमोर फाडलं,” त्या म्हणाल्या. आवाज तापमान सांगावे तसा. “मग हात पिरगळला. म्हणाले, याच हातानं अर्ज लिहिलास ना?”

“सिस्टर, मला क्षमा...”

“ते राहू द्या. मला दुसरं पत्र हवंय.”

पाळकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

“तिकडच्या दवाखान्यातली वॉर्डाची जागा गेली. त्यांना सुई टोचणारा हात हवा, या हाताचं डॉक्टर काही सांगत नाहीत. पण नोंदणीच्या खिडकीवर घेतो म्हणालेत. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. बुधवारी मला इथून घरी सोडतील. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी हेडमास्तरांना वाचन द्या. दोन्ही पाठ. साडेअकराच्या आत त्यांना सोडू नका. माझी बस अकराची आहे.”

“आणि पोलीस?”

“तक्रार तिकडं पोचल्यावर करणार. इथल्या चौकीत त्यांचे दोन विद्यार्थी आहेत.” त्या थांबल्या. “ते बाहेरून कुलूप लावून जातात. दुसरी किल्ली माझ्या इथल्या कपाटात आहे. कुणी भरवशाचं आहे का तुमच्याकडं?”

“माझी बहीण.”

“त्या बोलतात का फार?”

“माझ्याशीच फक्त,” पाळकसाहेब म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

“आणखी एक. माझ्यासाठी प्रार्थना करू नका. करायचीच असेल तर दार लावून करा.”

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी सांगितले, “आज यादी नाही. ज्याने त्याने मनात प्रार्थना करावी.” दोन मिनिटांची शांतता लोकांना जड गेली. चुळबुळ झाली, खोकले झाले. बाहेर हेडमास्तरांनी विचारले, “माझी चिठ्ठी मिळाली नाही का?”

“मिळाली,” पाळकसाहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी हेडमास्तरांनी दोन्ही पाठ वाचले. पहिला प्रीतीवर होता. त्यांनी तो नेहमीप्रमाणे सुरेख वाचला. ताई तेव्हा चर्चमध्ये नव्हती. पावणेअकराला हेडमास्तरांनी घड्याळ पाहिले. पाळकसाहेबांचे प्रवचन कधी नव्हे इतके रेंगाळले. आपण काय बोलतो आहोत याकडे त्यांचे लक्ष नव्हते. एकोणीस वर्षांत एवढे रटाळ प्रवचन त्यांनी केले नव्हते, आणि इतके उपयोगी तर कधीच नाही. अकरा पस्तीसला त्यांनी आशीर्वाद दिला. हेडमास्तर घरी पोचले तेव्हा कुलूप जागच्या जागी होते आणि आत कुणी नव्हते.

मंगळवारी वडीलजनांची सभा बसली. लांबलेले प्रवचन आणि ताईची रिकामी जागा यांचा मेळ हेडमास्तरांनी तोवर घातला होता.

“आमचे पाळक घरं फोडायला लागलेत!” हेडमास्तर म्हणाले.

सचिवांनी री ओढली. “नवरा-बायकोचं भांडण आहे हो. घरातली गोष्ट घरातच मिटली असती. तुम्ही मध्ये पडायचं काय कारण?”

पाळकसाहेब उभे राहिले. “घरातली गोष्ट मी पंधरा दिवसांपूर्वी दोनशे माणसांपुढं माईकवरून बोललो. तेव्हा तुम्ही तक्रार केली नाहीत, सचिवसाहेब. तुम्ही अभिनंदन केलंत! सात वर्षांपूर्वी या बाईनं मला सांगितलं आणि मी तिला सहन करायला लावलं. तेव्हाही मी मध्येच पडलो होतो, फक्त हेडमास्तरांच्या बाजूनं. त्या वेळी कुणाची हरकत नव्हती. यादी मी पुन्हा वाचणार नाही. आणि जोवर या माणसाचा हात त्याच्या ताब्यात नाही, तोवर त्याला शास्त्राला हात लावू देणार नाही!”

मग मतदान झाले. पाचांपैकी तिघांनी ठरवले की हेडमास्तरांनी वाचन चालू ठेवावे आणि पाळकांची बदली मागावी. तीन महिन्यांत ती झाली.

सिस्टर कधीकधी ताईला फोन करतात. मनगट निम्मेच वळते. वॉर्डाचे काम पुन्हा मिळणार नाही. तक्रार दाखल झाली आहे, तारखा पडताहेत. एकदा फोन ठेवल्यावर पाळकसाहेबांनी न राहवून विचारले, “माझ्याविषयी काही म्हणाली?”

“नाही.”

“तिकडं चर्चला जाते का?”

“नाही जात.”

त्यांनी पुढे विचारले नाही, आणि आता विचारत नाहीत.

वाचकहो, आपण सगळे भली माणसे आहोत आणि आपल्या सगळ्यांच्याच मनात कुणाची ना कुणाची यादी असते. कुणी विश्वासाने सांगितलेले दुःख आपल्या मालकीचे होत नाही. ते वाटायचा अधिकार काळजीच्या नावाने मिळत नाही आणि देवाच्या नावाने तर मुळीच नाही. मार खाणाऱ्या बाईला सहनशीलता शिकवणे म्हणजे मारणाऱ्याला मुदत देणे. तिला काय हवे ते विचारा, तेवढे करा आणि गप्प राहा. एवढी साधी गोष्ट कळायला पाळकसाहेबांना एकोणीस वर्षे लागली, आणि दुसऱ्याचे एक मनगट.