डावीकडचं दुखणं

राजनंदिनीचं काळीज उजव्या बाजूला आहे हे साऱ्या महाळुंगे पडवळला कळलं आणि वैजयंतीच्या डोक्यात ही धाकटी जाऊ जी बसली ती उठायचं नावच घेईना.

कळलं ते गावच्या शाळेत बायांसाठी भरलेल्या आरोग्य शिबिरात. ईसीजी काढणाऱ्या पोरीने वायरी उलट्या लावल्या म्हणून डॉक्टरने तिला झापलं, पुन्हा लावायला सांगितल्या, तर पट्टी पुन्हा उलटीच आली. मग नारायणगावला एक्स-रे, सोनोग्राफी. सोबत वैजयंतीच गेली, कारण दवाखाना म्हटलं की घरात फक्त तिलाच पाय असायचे. राजनंदिनी पडद्याआड कपडे बदलत असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. काळजाचे चार कप्पे, वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन पुढे ढकलणारे. कप्पे शाबूत, झडपा चांगल्या, फक्त मांडणी आरशात दिसावी तशी. पोटातलंही सगळं तसंच, यकृत डावीकडे.

"औषध काही नको. सगळी कामं करू द्या," बाई म्हणाल्या. "एकच लक्षात ठेवा, यांचं अपेंडिक्सही डावीकडे आहे. डावीकडे खाली दुखलं तर वाट बघत बसू नका."

घरी आल्यावर वैजयंतीने 'सगळी कामं करू द्या' हे मात्र तीन वेळा सांगितलं, आणि नेमकं तेच कुणी ऐकलं नाही. अपेंडिक्सचं सांगायचं राहून गेलं.

सासू झुंबरबाईने फर्मान काढलं, "उलट्या अंगाचं काळीज हाय. त्याला वझं सोसायचं न्हाई." झालं. राजनंदिनीचा हंडा गेला, पाटी गेली, वाकून करायचं प्रत्येक काम गेलं आणि ते सगळं आलं वैजयंतीच्या कमरेवर. वर पाहुण्यांची रीघ. बाया यायच्या, राजनंदिनीच्या उजव्या बरगडीवर हात ठेवायच्या आणि धडधड लागली की डोळे मोठे करायच्या. पुण्याहून डॉक्टरकी शिकणारी आठ पोरं गाडी करून आली. त्यांचे पोहे कुणी केले ते सांगायला नको. वैजयंतीचं काळीज या घरात पंधरा वर्षं जागच्या जागी धडधडत होतं, त्याची कधी कुणी चौकशी केली नव्हती.

पोरगी मिजासखोर असती तरी बरं झालं असतं. पण ती आपली "आक्का, द्या मी करते" म्हणत मागे मागे यायची, आणि सासू तिला हाताला धरून खाटेवर बसवायची. वैजयंती जळायची. रात्री कमरेला मलम चोळताना तर फारच.

कांदा लागवडीच्या दिवशी सकाळी नऊला राजनंदिनी पोट धरून बसली. आधी बेंबीपाशी दुखत होतं, मग डावीकडे खाली सरकलं. दोनदा उलटी झाली. तिचा नवरा ज्योतिबा घाबरला. "अपेंडिस तर नसंल?"

"ते उजव्या अंगाला असतं, येड्या," झुंबरबाई म्हणाली. "हिचा नळ भरलाय, पोटात वारा धरलाय. तेल कोमट करा, मी चोळते."

वैजयंती दारातच होती, रोपांची पाटी डोक्यावर. डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं तिच्या कानात वाजलं. तोंड उघडलं की काय होणार तेही तिला दिसलं. गाडी, दवाखाना, गावभर पुन्हा राजनंदिनीच. एक दिवस, फक्त एक दिवस तिला चारचौघींसारखं दुखू दे. चारचौघींसारखा तिचाही नळ भरू दे. आणि खरंच गॅस असला तर? वैजयंती पाटी सावरून रानात गेली.

सावडीच्या, एकमेकींच्या रानात आळीपाळीने राबणाऱ्या बाया वाफ्यांत ओळीने बसल्या होत्या. ती भराभर रोपं टोचत गेली. बारा वाजले. वाफा संपला तरी तिच्या मनातलं संपेना. दुपारच्या भाकरीला त्यांच्यातली साळुबाई हसत म्हणाली, "का गं, आज तुमच्या धाकल्या पाटलीणबाईंचं काय दुखतंय?" एरवी वैजयंतीला असलं बोलणं गोड लागायचं. आज नाही. ती भाकरी तशीच टाकून उठली आणि बांधावरून पळत सुटली.

राजनंदिनी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंग तापलेलं. ती रडतही नव्हती, आणि सासूचा तेलकट हात तिच्या पोटावर फिरतच होता.

"हात काढा, आत्या," वैजयंती म्हणाली. "तिचं अपेंडिस डाव्या अंगालाच हाय. गाडी काढा, ज्योतिबा भाऊजी."

ऑपरेशन झालं. अपेंडिक्स आत फुटलं होतं. सर्जन म्हणाले, वाचली, पण पोटात पू पसरलाय, दहा-बारा दिवस काढावे लागतील. जावेने सांगितलं म्हणून कळलं, असंही म्हणाले. झुंबरबाईने ते वाक्य उचललं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. पाचव्या दिवशी तर बाया आधी वैजयंतीच्याच तोंडावरून हात फिरवून बोटं मोडू लागल्या, मग खाटेकडे वळू लागल्या. पंधरा वर्षं जे हवं होतं ते असं दवाखान्यात चालत आलं, आणि तिला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

साळुबाई आली तेव्हा राजनंदिनीने वैजयंतीचा हात आपल्या हातात घेतला. पोटाला नळी लावलेली, आवाज बारीक.

"आक्कांना रानात आठवलं अन् त्या उन्हाच्या पळत आल्या," ती कौतुकाने सांगत होती. "दुसरं कुणी असतं तर इसरलंच असतं."

साळुबाईने मान डोलावली. झुंबरबाईने पदराने डोळे पुसले. वैजयंतीला ते सोसेना. या पोरीकडून आता चांगुलपणाही उसना घ्यायचा?

"मला आठवलं न्हाई, नंदिनी," ती म्हणाली. "मी इसरलेच नव्हते."

राजनंदिनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कवापासनं?" तिने विचारलं.

"सकाळपासनं. तू पोट धरून बसलीस तवापासनं."

राजनंदिनीने हात सोडला नाही. तिने फक्त मान भिंतीकडे वळवली.