मासळीच्या टबातला बटण गुलाब

मित्रांनो, जरा बाजूला सरा, ऊन अडवू नका. मला उन्हाची हौस नाही. उन्हानेच माझी ही दशा केली आहे. पण माझ्या पोटात जो बटण गुलाब आहे, त्याला सकाळचं ऊन लागतं. मी मासळीचा एक जुना निळा टब. निळा म्हणायचं ते सवयीने. आता माझा रंग कोणता ते मलाही सांगता येणार नाही. एक कान तुटला आहे, कड तडकली आहे आणि बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. तिथून टेम्पोत बसून मी रत्नागिरीच्या बाजारात आलो. दुकानात मथुराबाईंनी मला उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या, दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून आत ओतलं आणि बराच वेळ बुडाखाली हात धरून ठेवला. हात कोरडा राहिला तेव्हाच त्यांनी मला घेतलं. मासळीच्या टबाचा गुण एकच, तो गळता कामा नये. गळक्या टबातलं बर्फाचं पाणी बाईच्या मानेवरून पाठीत उतरतं आणि रिक्षावाला तिला रिक्षात घेत नाही. मी कधी गळलो नाही. एवढी एकच फुशारकी माझ्याजवळ आहे, ती मारू द्या.

सकाळी बंदरावर लिलाव व्हायचा. बांगडे, सौंदाळे, मांदेली, नशीब असलं तर एखादी सुरमई माझ्या पोटात पडायची आणि मथुराबाईंच्या डोक्यावरून आम्ही बाजारात जायचो. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात, आणि भवानीला हात चांगला लागतो. मथुराबाईंच्या हाताला यश होतं. बाजारात नवी बाई बसली की ती आधी त्यांच्याकडे यायची. "मावशी, पयला मासा तुमच्या हातानं ठेवा," म्हणायची. मथुराबाई माझ्यातला एक बांगडा उचलून तिच्या टोपलीत ठेवायच्या. मग त्या बाईची टोपली लवकर रिकामी व्हायची म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण मथुराबाईंना त्या हाताचा फार अभिमान होता आणि मला त्यांचा.

पुढे त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून बजावलं. त्या घरी बसल्या आणि मी न्हाणीघरामागे गेलो. माझ्यात तुटक्या चपला पडल्या, फाटकी जाळी पडली, एकदा मांजर व्याली. कोणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारावं असंही मला वाटेनासं झालं होतं. तिकडे मथुराबाई ओट्यावर बसून बाजाराला जाणाऱ्या बायकांकडे नुसत्या बघत राहायच्या. त्यांचं बोलणं कमी होत गेलं.

त्यांच्या सुनेला, दिशाला, ते बघवेना. ती कॉलेजच्या ऑफिसात काम करते. एका संध्याकाळी येताना तिने स्कूटरवरून बटण गुलाबाचं रोप आणलं. वीतभर उंचीचं झाड, लिंबाएवढंसं फूल. कुंडीत मावतं, ओट्यावर राहतं, मोठं अंगण मागत नाही. तिने मला घासून काढलं आणि सळई लाल करून माझ्या बुडाला चांगली पाच-सहा भोकं पाडली. जन्मभर न गळण्याचा मान मिरवला, आणि म्हातारपणी हे! पण तिचं म्हणणं बरोबर होतं. गुलाबाला पाणी हवं असतं, साचलेलं पाणी मात्र त्याला खपत नाही. तळाला नारळाच्या सोडणांचे तुकडे, वर लाल माती आणि शेणखत घालून तिने रोप लावलं आणि म्हणाली, "आई, आता हे तुमचं."

मथुराबाईंनी आधी नाक मुरडलं. "दोन दिस जगला तरी पुष्कळ," म्हणाल्या. पण हळूहळू त्या झाडाच्या नादी लागल्या. समुद्राचा खारा वारा पानांना लागतो म्हणून त्या रोज ती गोड्या पाण्याने पुसायच्या. फूल सुकलं की खालच्या पानापर्यंत कात्रीने छाटायच्या, म्हणजे तिथून नवा फुटवा येतो. दुपारचं ऊन कडक झालं की मला सरकवत सरकवत सावलीत न्यायच्या. गुलाब फुलला, आणि असा फुलला की पान दिसेना! मग एक दिवस बाजाराला निघालेली एक बाई दारात थांबली. "मावशी, भवानीला तुमच्या हातचा एक फूल द्या." दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मथुराबाई सकाळी वेणीफणी करून ओट्यावर बसू लागल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

दृष्ट लागायची ती लागतेच. आमच्या घरी ती घरच्याच माणसाची लागली.

मथुराबाईंचे यजमान धोंडू तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्यांचा सगळा जन्म होडीत पाणी शिरू न देण्यात गेला. तळाशी ओल दिसली की या माणसाचा हात आपोआप डांबराकडे जायचा. आता त्यांचीही दर्यावरची कामं सुटली होती. उन्हाळ्यात आमच्या गल्लीला एक दिवसाआड पाणी येतं. आणि रोज सकाळी मथुराबाईंनी पाणी घातलं की माझ्या बुडाखालून एक ओघळ निघून ओट्यावरून खाली जायचा. तांडेलांचा जीव तो ओघळ बघून तीळतीळ तुटायचा. एका दुपारी सगळी झोपलेली असताना त्यांनी मला कलता केला, डांबरात भिजवलेला कापूस एकेका भोकात ठासला, वरून बोटाने गुळगुळीत केला आणि समाधानाने म्हणाले, "आता नाय गळायचा." हे कोणाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. होडीची फट बुजवली म्हणून कोणी दवंडी पिटतं का?

खरं सांगू? क्षणभर मलाही बरं वाटलं. मी पुन्हा न गळणारा टब झालो होतो.

पण आठवडाभरात माझ्या पोटात वास येऊ लागला. मुळं कुजायला लागली. पानं पिवळी पडली आणि माना टाकू लागली. मथुराबाईंना वाटलं, उन्हाने तहानलं असेल, म्हणून त्या आणखी पाणी घालू लागल्या. कळ्या काळ्या पडून गळाल्या. दिशाने औषध आणून फवारलं, तांडेलांनी मला न उचलता सरकवून माझी जागा बदलली. मी मात्र तोंड असून मुका. शेवटचं फूल एका बाईने भवानीला नेलं आणि त्या दिवशी ती भरल्या टोपलीने परत आली. तिने तक्रार केली नाही, पण मथुराबाईंनी तिची टोपली बघितली.

"माज्या हाताचा यश गेला," त्या दिशाला म्हणाल्या. "आता कोणाला माजा हात लावू देऊ नको गो."

दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्यावर आल्या नाहीत. बायका हाक मारायच्या, त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. ताट तसंच परत जायचं. दिशा रडकुंडीला आली. मुलगा रूपेश मुंबईहून फोन करायचा, त्याच्याशीही त्या दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हत्या. शेवटी एका सकाळी त्यांनी आतूनच सांगितलं, "तो टब उकिरड्यावर टाकून द्या. डोळ्यांसमोर नको."

तांडेल मला उचलायला आले. उचलला आणि थबकले. मी दगडासारखा जड झालो होतो, आणि कलता होताच माझ्या पोटात डुबुक असा आवाज झाला. तळाशी पाणी साचल्याचा आवाज तांडेलाला शिकवावा लागत नाही. त्यांनी मला खाली ठेवलं, मातीत बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं. मग दाभण आणून एकेक बोळा उपसला. काळं, घाणेरडं पाणी भडाभडा अंगणभर झालं. तांडेल ते बघत तसेच उकिडवे बसून राहिले. हे सगळं गुपचूप धुऊन टाकता आलं असतं. बघायला कोणीही नव्हतं.

ते उठले आणि आत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मथुरा, तुजा हात नाय गो वायट. भोकां मी बुजवली."

आत खाट करकरली. मग मथुराबाई म्हणाल्या, "कदी?"

"उनाळ्यात. पाणी वाया जात होता, म्हटला…"

"अवो, ती काय होडी हाय?" त्यांचा आवाज चढला, आणि मग फुटला. "मी येवडे दिस माज्या हाताला शिव्या देतंय, आणि तुमी…"

त्या खूप रडल्या, आणि मधूनमधून तांडेलांना बोलतही होत्या. मग भिंतीला धरत बाहेर आल्या, चिखलात फतकल मारून बसल्या आणि गुलाब मुळासकट उपटला. मुळं धुतली. कुजलेली सगळी काळी मुळं छाटली, वरच्या फांद्याही बोटभर ठेवून कापल्या. दोन पांढरी मुळं शिल्लक होती. नवी माती भरायच्या आधी त्यांनी सळई तापवायला लावली आणि तांडेलांच्या हातात दिली. "पाडा. तुमच्याच हातानं, आणि मोठी पाडा." पाणी अडवणाऱ्या वस्तूला त्या माणसाने जन्मात भोक पाडलं नव्हतं. त्यांनी सळई इतकी बिचकत टेकवली की ती घसरली आणि माझी कड तडकली.

परवा त्या बोटभर काडीला लालसर कोंब आला. फूल अजून नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. मथुराबाई मात्र सकाळी ओट्यावर असतात, आणि तांडेल माझ्याखालचा ओघळ झाडूने लोटतात.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. हा तडा रोज थोडा वाढतो. मला टाकून दिलंत तरी राग नाही. एवढंच ऐका. झाडाने मान टाकली तर पाणी ओतायच्या आधी मातीत बोट घालून बघा. आणि आपल्या हातून झालेल्या चुकीचा दोष दुसरं कोणी स्वतःच्या कपाळी लावून बसलं असेल, तर लाज गिळा आणि जाऊन सांगा. तांडेलांनी गप्प राहून नुसती भोकं मोकळी केली असती, तरी गुलाब कदाचित वाचला असता. मथुराबाई मात्र आतच पडून राहिल्या असत्या.