आफ्राचं वळण

मी एक कॅमेरा आहे. अंग अक्रोडाच्या लाकडाचं, हँडल पितळी, हाताने फिरवायचं. ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात मी घडलो, पण माणसांत आलो तो फ्रायबुर्गला, गॉटहार्ड आयझेलच्या घरी.

गॉटहार्ड शाळेत चित्रकला शिकवायचा. मी येण्याआधी एकदा तो बायकोला, आफ्राला, घेऊन सिनेमाला गेला होता. तेव्हा पडद्यावरचे डोंगर कापडावर रंगवलेले असत आणि बर्फ म्हणून मीठ पसरत. नायक त्या मिठात कुडकुडायला लागला तसा गॉटहार्ड मोठ्यानं हसला.

"लोक बघतायत," आफ्रा म्हणाली. "एवढं हसू येतंय तर तू खऱ्या बर्फात सिनेमा काढून दाखव."

थोड्याच दिवसांत तो मला घेऊन आला. नोकरी सुटली आणि आमचं डोंगरात राहणं सुरू झालं.

वर माझं तेल गोठायचं, फिल्म काचेसारखी तडकायची. म्हणून झोपताना गॉटहार्ड मला पांघरुणात घ्यायचा.

"मध्ये हा, आणि मी भिंतीला," आफ्रा म्हणायची. "लग्न नक्की कुणाशी केलंयस?"

"तुझं तेल गोठत नाही ना."

"गोठेल एखाद दिवशी."

स्कीवर आफ्राचा हात धरणारं त्या खोऱ्यात कुणी नव्हतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक चित्रपटात तीच असायची. चौथ्या चित्रपटाच्या वेळी ती उतारावरून सुसाट आली, माझ्यासमोर हसत वळली, बर्फाचा भुगा उडाला. आणि तिच्या मागे उतारावरचा अख्खा बर्फ सुटला.

गॉटहार्डनं हँडल सोडलं. मी कलंडलो. मला नुसतं आभाळ दिसत होतं. तो आधी स्कीनं, मग हातांनी बर्फ उकरत होता, तिचं नाव घेत होता, ते तेवढं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं तिचा खोकला ऐकू आला. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

ती वाचली. डावा गुडघा मात्र परत वाकला नाही. गॉटहार्डनं मला कपाटावर टाकलं आणि म्हणाला, "आता बास."

बर्लिनहून निर्माता आला. "तो हिमलोटाचा तुकडा तेवढा द्या, आयझेल. असं दृश्य कुणी पाहिलेलं नाही."

गॉटहार्ड फिल्म घेऊन शेगडीकडे निघाला.

"दे इकडे," खुर्चीतून आफ्रा म्हणाली. "पडले मी, ठरवीन मी."

तिनं फिल्म उजेडात धरली, बोटानं सरकवत नेली आणि कात्री चालवली. "वळणापर्यंत माझं. हे लोकांना दाखवा." उरलेला तुकडा तिनं स्वतः शेगडीत टाकला. तो भपकन पेटला.

निर्माता गेल्यावर ती म्हणाली, "आता त्याला कपाटावरून काढ. तू वर जा. मी इथे बसून फिल्म जोडीन."

"तुझ्याशिवाय?"

"तू आणशील ते सगळ्यांच्या आधी मीच बघणार. आणखी काय हवंय?"

पुढे आम्ही कितीतरी चित्रपट केले. सिनेमागृहात बसलेली माणसं कोटाची कॉलर वर ओढून घ्यायची. आफ्रा पडद्यावर नसायची. पण कुठलं शिखर किती वेळ दिसायचं, ते तिची कात्री ठरवायची.

मग बोलपट आले. माझी टकटक त्यांना चालेना, मी घरी बसलो. बर्फाच्या चकाकीनं गॉटहार्डचे डोळेही हळूहळू गेले. दोघं डोंगराच्या पायथ्याशी राहायला आली. तो रोज दुपारी खिडकीशी बसून विचारायचा, "आज काय दिसतंय?" आणि ती सांगायची: कड्यावर ऊन आलंय, खालच्या बर्फाला निळी झाक आहे.

एक दिवस ती सांगत असताना तो मध्येच म्हणाला, "आज ढग आहेत ना?"

"आहेत," आफ्रा म्हणाली. "काहीच दिसत नाही."

"असू दे. तू सांग."

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला.

आता दोघंही नाहीत. मी गावच्या छोट्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. निगा चांगली राखतात, तक्रार नाही. फक्त माझं तोंड भिंतीकडे केलंय. कधी पेटी पुसायला उघडलीत, तर मला जरा खिडकीकडे वळवा. ढग असले तरी चालेल.