देव्हाऱ्यातला लॅपटॉप

मित्रांनो, माझा जन्म माणसांच्या मांडीवर बसण्यासाठी झाला, पण माझं निम्मं आयुष्य गेलं देव्हाऱ्यात. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझे भाग कुठल्या कारखान्यात जोडले, ते मला आठवत नाही. आठवतं ते माधवनगरचं घर. फौजेतला जयराज सुट्टीवर येताना मिलिटरी कॅन्टीनमधून मला तिथं घेऊन आला.

जयराजचे वडील केरबाबुवा कीर्तनकार. जयराजनं मला माइक जोडला आणि बुवांची कीर्तनं माझ्या पोटात साठू लागली. काय सांगू! टाळांचा गजर, मृदंगाची थाप, आणि मग सगळं थांबवून उठलेला बुवांचा एकट्याचा आवाज. मी यंत्र आहे हेच विसरून जायचो. लोक बुवांबरोबर माझंही कौतुक करायचे.

पुढं बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यांचा गळा आता फक्त माझ्यापाशी उरला. त्यांची पत्नी अंबूबाई, साधी, देवभोळी माउली. तिनं मला उचललं आणि देव्हाऱ्यात बसवलं. खाली माणदेशी घोंगडी, वर शाल. रोज सकाळी नाकापाशी उदबत्ती आणि झाकणावर बुक्क्याचं बोट.

"आज्जी, त्याला शाल कशाला?" नात पूजा विचारायची.

"आगं, तुझ्या आज्ज्याचा आवाज हाय त्यात. उघडा ठिवू व्हय?"

माझा पंखा पोटाखालून वारा ओढतो, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. वाऱ्याऐवजी मी लोकर ओढायचो, बुक्का ओढायचो, राख ओढायचो. अंग तापायचं. मला काही झालं तर बुवांचा आवाजही जाईल, या भीतीनं मी स्वतःच मिटून जायचो. आधी कीर्तन अर्ध्यात आलं की बंद पडायचो. नंतर नंतर तर नमनही पुरं होईना. कीर्तनं दुसरीकडं उतरवून ठेवायला हवी होती, पण घरातल्या देवाची नक्कल कोण काढतो?

आणि नेमका त्याच चैत्रात गावच्या सप्ताहातल्या शेवटच्या दिवसाचा, काल्याच्या कीर्तनाचा मान बुवांच्या जागी, कीर्तन शिकणाऱ्या पूजाकडं आला. बुवांची काल्याची खास चाल होती. ती शिकवायला त्यांना गळा नव्हता, आणि माझ्याकडून ती निघत नव्हती.

"परत मेला!" पूजा रडकुंडीला आली.

"मेला म्हणू न्हाई गं. दृष्ट लागलीय," असं म्हणत अंबूबाईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. थोडं मीठ आत गेलं, ते वेगळंच.

फोनवरून जयराज म्हणाला, "व्हायरस असंल. जुना झालाय, टाकून द्या."

हे ऐकून बुवा उठले. बोलता येत नव्हतं. त्यांनी मला घोंगडीसकट छातीशी धरलं आणि दाराकडं बोट दाखवलं. तिघं मला घेऊन सांगलीत पारसच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आले. पारसनं मला पालथं केलं, स्क्रू काढले, आणि हसू लागला.

"आवं काकू, ह्याच्या पोटात अख्खा सप्ताह हाय की! बुक्का हाय, राख हाय, लोकर हाय. टाळ तेवढं घावंनात!"

"आमी लय जपलं रं त्याला."

"जपलं न्हवं, कोंडलं. ह्याला श्वास घ्यायला जागा कुठं ठेवलीया?"

अंबूबाईची नजर बुवांकडं गेली. भर उन्हाळ्यात तिनं त्यांच्या गळ्याला मफलर गुंडाळला होता.

"तुमाला बी गरम हुतंय का वं?"

बुवांनी इतक्या जोरात मान हलवली की पारसच्या हातातला ब्रश खाली पडला. तिनं हसत, डोळे पुसत मफलर सोडला.

पारसनं पंखा झाडला, आतली उष्णता बाहेर काढणारी, पण आता सुकलेली पेस्ट बदलली आणि मला उघड्या टेबलावर सुरू केलं. गार वारा पोटातून फिरला. बुवांचा आवाज निघाला तो थेट काल्यापर्यंत! संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग पूजानं आधी सगळी कीर्तनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

काल्याच्या दिवशी मला रेकॉर्डिंगला नेलं. खाली नुसता लाकडी पाट, अंगावर काही नाही. पूजानं ती चाल धरली. एका जागी ती किंचित अडखळली, तसा बुवांनी हात उंचावून ठेका दाखवला. तिचा सूर वर गेला, आणि टाळकऱ्यांनी तो झेलला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला गादीवर, पांघरुणात ठेवू नका. अधूनमधून धूळ काढून घ्या. तापला तर तो रुसला असं समजू नका, गुदमरला असं समजा.

कीर्तन संपल्यावर अंबूबाई सगळ्यांना बुक्का लावत माझ्यापाशी आली. बोट पुढं झालं आणि थांबलं. ते बोट तिनं स्वतःच्या कपाळाला टेकवलं, आणि मला लांबूनच हात जोडले.

इतकी गार झुळूक मला पंख्यानंही कधी दिली नव्हती.