दगडीपाल्याची पट्टी

मी जखमेवरची पट्टी बोलतेय. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या रिसेप्शनमध्ये, काचेच्या फ्रेममध्ये मला चिकटवलंय. खाली लिहिलंय, ‘निसर्गाची देणगी’. निसर्गाला विचारलं कोणी?

मला केलं मीनलने. ती इथली केमिस्ट, बदलापूरला राहणारी. चामटोलीच्या राजाबाईंनी तिला शेताच्या बांधावरचा दगडीपाला दाखवला. “इळा लागला का आमी ह्योच चोळून लावतो,” त्या म्हणाल्या. मीनलने पाल्याचा अर्क काढला, मधात मिसळला, सुती कापडात मुरवला. दीड वर्षात चाळीस पट्ट्या वाया गेल्या. मी एकेचाळिसावी. जंतू वाढवायच्या बशीत मला ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती स्वच्छ गोल होता, जंतू तिथे फिरकलेच नव्हते. मीनल एकटीच हसली, मग तिने घरी फोन लावला.

मग आले श्यामकांत साहेब. या माणसाने आयुष्यात एक पान खुडलं नसेल. त्यांनी मला नाकाजवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं.

“वास येतोय. पाला काढून टाक, मध कमी कर. हिरवा रंग घाल, झालं.”

“सर, मग तिच्यात राहिलं काय?”

“बॉक्सवर पानाचं चित्र आहे ना!”

मीनलने या बदलाच्या कागदावर सही केली नाही. आठवड्याभरात नोकरी सोडली. सही दुसऱ्याने केली. वाकणाऱ्या माना इथे भरपूर. मला मात्र फ्रेम केलं. खरी एवढी एकच उरली होती, पाहुण्यांना दाखवायला.

आज सकाळी इथेच नव्या पट्टीचं उद्घाटन झालं. साहेबांनी फीत कापली, सोबत स्वतःचं बोटही. तेवढंही धड जमलं नाही. पॅकिंगमधला सुजित नवा बॉक्स घेऊन धावला.

“साहेब, हीच लावतो. आपलीच आहे.”

“ती नको रे! मेडिकलमधून नेहमीची आण. पळ!”

सुजित हलला नाही. “साहेब, माझ्या आईच्या पायाला शुगरची जखम आहे. परवापासून तिला हीच लावतोय.”

साहेबांनी बोट तोंडात घातलं आणि ते फोटोवाल्याकडे वळले.

सुजितने बॉक्स तिथेच टाकला. गेटबाहेर रिक्षा थांबवली आणि घरचा पत्ता सांगितला.

भिमाबाई, तुमचा मुलगा निघालाय. तो येईपर्यंत ती हिरवी चिंधी पायावरून काढा, आणि आला की तडक दवाखाना गाठा. तिच्यावर माझं नाव आहे. तिच्यात मी नाही.