हर्षदसाठी निरोप

फोन आला तेव्हा बाबा ओट्यापाशी कोळंबी सोलत होते. त्यांचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढे धरला. माझा धाकटा भाऊ हर्षद लडाखमध्ये होता, सहा हजार मीटर उंचीच्या एका शिखराच्या तळावर. सकाळी त्याची तुकडी वरच्या कॅम्पकडे निघणार होती. तळावर एका खडकापाशी काय ती रेंज मिळायची.

"डोकं ठणकतंय बाबा. दोनदा उलटी झाली. बूट बांधायला वाकलो तर तोल जातोय."

"लीडरला बोललास?"

"नाही. बोललो तर परत पाठवेल."

बाबा हसले. "अरे, बोट लागलीय तुला. दाभोळचा माणूस नि जमिनीवर बोट लागली. कुणाला सांगू नको, हसतील."

बाबांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली. पहिल्या फेरीत ते चार दिवस ओकत होते नि पाचव्या दिवशी उठून कामाला लागले, ही गोष्ट ऐकतच आम्ही दोघं मोठे झालो.

"लिंबू चोख नि आडवा हो. सकाळपर्यंत उतरेल. नाय उतरलं तरी कामाला लाग. कामात विसरायला होतं."

"मलाही तसंच वाटत होतं." त्याचा आवाज लगेच मोकळा झाला.

मी फोन माझ्याकडे ओढला. "हर्षद, टाचेला अंगठा लावत दहा पावलं सरळ चालून बघ. आत्ता. जमलं नाही तर..."

फोन तुटला होता. त्याने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला, लागला नाही. मेसेज पाठवले, ते पोचले नाहीत. मोहीम नेणाऱ्या संस्थेने लीडरचा नंबर दिला, पण त्यालाही त्या खडकापाशी आल्याशिवाय रेंज नव्हती.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. हवेचा दाब दरवर्षी पाऱ्याची नळी उलटी करून दाखवते. बाबांना नळीशिवाय सांगितलं. हर्षद आहे तिथे हवेचा दाब इथल्या जवळपास निम्मा. तोल जायला लागला म्हणजे मेंदूला सूज येत असू शकते. ती पडून राहून उतरत नाही. माणसाला खाली आणावं लागतं, आणि ताबडतोब. वर गेला तर वाढत जाते.

बाबांनी कोळंबीवर झाकण ठेवलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

"आम्ही पडून राहायचो," ते म्हणाले, "कारण बोटीवरून उतरणार कुठे?" मग हात पुसत, "डोंगरावरून उतरता येतं, नाय?"

"येतं."

"मग मी त्याला असं काय सांगितलं?"

मी पुन्हा फोन लावला.

सकाळी हर्षदच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होता दर्शन. हा चिपळूणचा, हर्षदचा मित्र. घोटा मुरगळल्यामुळे तो तळावरच राहिला होता.

"ताई, हर्षद फोन इथेच ठेवून गेलाय. एवढे मेसेज? आणि काल काकांनी काय मंत्र दिला? रात्री जेवला नाही, पण पहाटे सगळ्यांच्या आधी तयार. लिंबू चोखत निघाला."

"चालताना तोल जात होता?"

"दोनदा घसरला. म्हणाला, बोट लागलीय. आम्ही हसलो."

बाबांना सांगितलं होतं तेच मी त्याला सांगितलं.

"वायरलेस?" मी विचारलं.

"खिंड ओलांडली की लागत नाही. ते केव्हाच पलीकडे गेले."

"कुणाला मागून पाठवता येईल?"

"इथे मी आणि स्वयंपाकी. माझा पाय टेकत नाही, त्याला बर्फातली वाट माहीत नाही. खालून माणूस मागवतो, पण तो उद्या पोचेल." मग तो म्हणाला, "लीडरच्या लक्षात येईल ना, ताई?"

"हर्षद लपवतोय," मी म्हटलं.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दर्शन, हर्षदचा बाबा बोलतोय. त्याला एक निरोप दे. म्हणावं, बाबा चुकले. असशील तिथून मागे फीर. खाली ये."



"देतो काका," दर्शन म्हणाला. "खाली आला की लगेच देतो."